माझी खासियत: रडणं

ही फजिती ऐकून तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. हसा की! आमची अख्खी सोसायटी हसली. आमचे हे तर ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत साभिनय करून दाखवतात म्हणे. फक्त एक माणूस हसला नाही, तो माझा सख्खा धाकटा भाऊ. म्हणून हा किस्सा सांगताना माझा चहा नेहमी निवतो.

तर, नगरला सावेडीत आमचा फ्लॅट. मी शाळेत मराठी शिकवायचे. स्नेहसंमेलन असो की पंधरा ऑगस्ट, माईक माझ्याच हातात! "बाईंचा आवाज म्हणजे रेडिओ," असं लोक म्हणायचे. लोक काय, शेजारणीच्या लिंबाच्या लोणच्याचंही असंच कौतुक करतात. पण मी ते मनावर घेतलं. शाळा सोडल्यावर ठरवलं, आता आवाजाचं काम करायचं. घरबसल्या. मोबाईलवर अशा साइट असतात ना, जिथं आपण आपली माहिती टाकायची आणि जगभरातून कुणीतरी काम द्यायचं? तिथं.

माहिती म्हणजे प्रोफाइल. आणि प्रोफाइल म्हटल्यावर मी काय लिहिलं असेल? "माझा जन्म कर्जत तालुक्यातील एका सुसंस्कृत शेतकरी कुटुंबात झाला. मला लहानपणापासून वाचनाची आवड आहे. स्वभाव मनमिळाऊ." फोटो लावला तो पुतण्याच्या लग्नातला, पैठणीतला. शेजारी आमचे हे होते, त्यांना कापून टाकलं. तरी त्यांचा एक खांदा आणि अर्धा कान राहिलाच.

महिने गेले. कुत्रं फिरकलं नाही!

शेवटी मी माझ्या मैत्रिणीला, वैशालीला, पुण्याला फोन केला. ती अशाच साइटवरून भाषांतराची कामं मिळवते. तिनं माझं प्रोफाइल उघडलं आणि बराच वेळ नुसती खोकत राहिली.

"अगं, हे काय लिहिलंयस? स्थळं बघायचीत का तुला?"

"का? खरंच तर लिहिलंय सगळं!"

"खरं आहे गं, पण समोरच्याला तुझा जन्म नकोय, त्याला त्याचं काम करून हवंय. त्याचा काय फायदा, ते पहिल्या ओळीत लिही. आणि 'निवेदन, जाहिरात, गोष्टी, मंगलाष्टका, सर्व प्रकारची कामे केली जातील' हे काढून टाक. झेरॉक्सच्या दुकानाची पाटी वाटते. एकच गोष्ट धर. तुझ्याइतकी दुसरी कुणी करत नाही, अशी. आणि तिचा एक नमुना लाव."

सल्ला सोन्यासारखा होता हो! वैशालीचा काहीच दोष नाही. दोष पुढचा.

संध्याकाळी चहा पिताना मी ह्यांना विचारलं, "अहो, माझ्याइतकं दुसरं कुणाला जमत नाही असं काय आहे माझ्यात?"

ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही. "रडणं."

झालं! दुसरी एखादी बाई असती तर रुसली असती. मी पेन घेतलं. का नाही? नाटकात, गोष्टीत, मालिकेत रडणं लागतंच की! आणि शहरातल्या बायकांना कुठं येतं गावाकडचं रडणं? त्या नाक पुसतात नुसत्या. आमच्याकडं मयतीला बायका जे रडतात ना, त्यात त्या माणसाचं अख्खं आयुष्य येतं. तो काय खायचा, कुणाशी भांडायचा, कुठली म्हैस त्यानं आणली, सगळं. ते मी लहानपणापासून ऐकलेलं.

मी लिहिलं: "तुमच्या श्रोत्याच्या डोळ्यांत पाणी येईल याची हमी. ग्रामीण स्त्रीचा शोक, हुंदके आणि विलाप, अस्सल नगरी बोलीत. माझं रडणं खरं की खोटं, हे घरचेही ओळखू शकत नाहीत." फोटोही नवा काढला, एकटीचा, भिंतीसमोर.

नमुना? नमुना नव्हताच. खरं तर मी आयुष्यात एकदाही माईकसमोर रडले नव्हते. खाली टाकून दिलं, "नमुना मागवा."

आणि काय आश्चर्य! आठवडाही झाला नसेल, मेसेज आला. कुणी सायली नावाची मुलगी, ऑडिओबुक काढणाऱ्या कंपनीतली. त्यांची एक कादंबरी आवाजात यायची होती, त्यात एका शेतकरी बाईचा नवरा अचानक जातो, असा प्रसंग. "मॅम, तुमचं प्रोफाइल एकदम वेगळं आहे. नमुना पाठवता का? फक्त गळा काढू नका. माणूस गेल्यासारखं वाटलं पाहिजे."

मी म्हटलं, बघच तू आता!

दुसऱ्या दिवशी हे ऑफिसला गेल्यावर मी तयारीला लागले. वैशालीनं सांगितलं होतं, आवाज घुमायला नको तर कपड्यांच्या कपाटात बसून बोलायचं. आमच्या बेडरूमच्या भिंतीत मोठं कपाट आहे. खालचा कप्पा रिकामा केला, वर साड्या लोंबत होत्या त्या तशाच ठेवल्या, अंगावर गोधडी घेतली आणि दार ओढून आत बसले. मध्येच कुणाचा फोन नको म्हणून मोबाईल विमानातल्यासारखा बंद केला, नुसतं रेकॉर्डिंग चालू. दाराची बेलही बंद केली. किती विचार करून केलं बघा सगळं! एकच विचार राहिला. त्या कपाटाच्या पलीकडं शेजारच्या रिझवाना भाभींचं स्वयंपाकघर आहे.

सुरुवातीला रडणंही शाळेतल्या सूत्रसंचालनासारखंच यायला लागलं. "हे नाथ, आपण मला सोडून का गेलात?" माझं मलाच हसू आलं. मग मी डोळे मिटले आणि आमच्या गावच्या बायका आठवल्या. आणि बांध फुटला हो!

"अवो धनी! असं कसं वो गेलात मला टाकून! सकाळी तर भाकर खाऊन गेल्ता वो... आता म्या कुनाच्या तोंडाकडं बघू!"

एकदा केलं, दोनदा केलं. कधी हुंदका आधी, कधी हाक आधी. घामानं निथळले, गोधडी ओली झाली. असं रंगलं की थांबवेना.

आता पलीकडं काय झालं, ते मला नंतर कळलं. रिझवाना भाभी खिमा परतत होत्या. भिंतीतून माझा आवाज आला. गॅस बंद करून त्या धावत आमच्या दाराशी आल्या. बेल दाबली, वाजेना. मला फोन लावला, लागेना. मग ह्यांना लावला. तर ह्यांचा फोन वाजला कुठं? आमच्याच हॉलमध्ये! हे त्या दिवशी फोन घरीच चार्जिंगला विसरून गेले होते. आत फोन वाजतोय, कुणी उचलत नाही, आणि आत बायको "धनी गेले" म्हणून रडतेय. तुम्ही काय समजला असता?

आमच्या घराची एक किल्ली भाभींकडं असते. पण एकटीनं दार उघडून आत जायची त्यांची हिंमत होईना. मग त्यांनी माझ्या भावाला, बापूला, फोन केला.

इथं जरा थांबून सांगायला हवं. बापू आणि मी बोलत नव्हतो. कारण ऐकाल तर म्हणाल, एवढंच? त्याच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेत "आपले विनीत"मध्ये आमच्या ह्यांचं नाव राहिलं. प्रेसवाल्यानं गाळलं, असं बापूचं म्हणणं. मुद्दाम गाळलं, असं ह्यांचं म्हणणं. आम्ही लग्नाला गेलो नाही. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही. बापूची कर्जतला लिंबाची बाग आहे. माल घेऊन तो नगरच्या मार्केट यार्डात येतो. भाभी लोणच्यासाठी वर्षानुवर्षं त्याच्याकडूनच लिंबं घेतात. तो आमच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत यायचा, पिशवी भाभींच्या हातात द्यायचा, आणि वर न बघता परत जायचा. मी गॅलरीतून बघायचे. मीही हाक मारायची नाही.

त्या दिवशी बापू यार्डातच होता. भाभींनी एवढंच सांगितलं, "भाऊ, जल्दी या. तुमच्या ताईंवर आसमान कोसळलंय. साहेब गेले." बापूनं लिंबाच्या गोण्या तिथंच सोडल्या, टेम्पो काढला आणि आला.

मी कपाटात. मला यातलं काही म्हणजे काही माहीत नाही. शेवटची, सगळ्यात दणदणीत हाक मारली, "धनी वो!" आणि धाडकन कपाटाचं दार उघडलं.

समोर बापू! डोक्यावरची टोपी हातात, डोळे लाल. मागं भाभी, तोंडावर ओढणी धरून.

मी साड्यांच्या खाली, गोधडीत, केस विस्कटलेले, चेहरा रडून सुजलेला. बापूनं मला पाहिलं आणि तो तिथंच, कपाटाच्या तोंडाशी, गुडघ्यावर बसला. माझ्या गळ्यात पडला.

"आक्का, म्या आलो गं! लई उशीर केला. एका नावापायी भांडत बसलो, आन आता नाव घ्यायला मानूसच न्हाई ऱ्हायला! दाजी, मला माफ करा वो!"

आता माझी अवस्था बघा. इतकी वर्षं न बोलणारा भाऊ भर दुपारी माझ्या घरात येऊन "दाजी, दाजी" म्हणून रडतोय. मला काय वाटेल? मला वाटलं, ह्यांना काहीतरी झालंय आणि हा ते सांगायला आलाय!

"बापू! काय झालं ह्यांना? स्कूटरवरून पडले का? बोल ना!"

"आता म्या काय सांगू तुला, आक्का!" असं म्हणून तो आणखीच हंबरला.

झालं, संपलं! मी टाहो फोडला. खरा. मघाचं सगळं त्याच्यापुढं पाणी. बापू रडतोय, मी रडतेय, भाभी रडतायत. मी म्हणतेय, "मला घेऊन चल त्यांच्याकडं!" आणि बापू म्हणतोय, "आक्का, दाजीला ठेवलंय कुठं?"

"मी कुठं ठेवू? तूच सांग ना कुठंयत!"

बापूनं भाभींकडं पाहिलं. भाभी हळूच म्हणाल्या, "सदमा लागलाय त्यांना. पाणी द्या."

इकडं खाली वेगळाच कारभार. तळमजल्यावर राहणारे गुगळे काका फार कर्तबगार माणूस. भाभींकडून कळताच त्यांनी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून घेतल्या होत्या आणि शववाहिनीसाठी फोन लावत होते. तेवढ्यात आमचे हे स्कूटरवरून आले. घरी राहिलेला फोन न्यायला! खुर्च्या बघून त्यांनी हेल्मेट काढलं आणि हळू आवाजात विचारलं, "काका, कोण गेलं?"

काकांचं लक्ष फोनकडं. "अहो, तिसऱ्या मजल्यावरचे. फार सज्जन. गाडी तेवढी आडवी लावायचे." मग मान वर केली. समोर सज्जन, आडव्या लावलेल्या गाडीवर! काकांच्या हातातून फोन पडला तो स्क्रीन फुटूनच.

हे जिना चढून वर आले. बेडरूमच्या दारात उभे राहिले. कपाटात बायको, कपाटापुढं मेहुणा, शेजारी भाभी, तिघंही रडतायत. म्हणाले, "मी गेलोय म्हणे?"

भाभी "या अल्लाह!" म्हणून भिंतीला टेकल्या. बापू उठला. आमच्या ह्यांच्या तोंडावरून, खांद्यांवरून हात फिरवला, माणूस खरा आहे का ते बघत होता. आणि मग त्यांच्या पायांवर डोकं ठेवून असा रडला, की हे सुद्धा विरघळले. "अरे बापू, ऊठ, ऊठ..." म्हणत त्याला उठवायला लागले.

तुम्हाला सांगते, तेव्हाच मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. चक्कर आली होती, वाईट स्वप्न पडलं होतं, काहीही थाप मारली असती तर चाललं असतं. भाऊ घरात आला होता, दाजींच्या गळ्यात पडला होता, आणखी काय हवं होतं? पण मला सुटल्यासारखं इतकं वाटलं, की मी हसायलाच लागले! डोळ्यांत पाणी आणि तोंडानं खो खो हसू.

"अरे, कुणी गेलं नाही रे! मी रेकॉर्डिंग करत होते!"

बापूनं वळून पाहिलं. "कशाचं?"

"रडण्याचं. काम आहे माझं. ऑनलाइन. प्रोफाइलमध्ये लिहिलंय मी तसं."

मी हातातला मोबाईल वर करून दाखवला. म्हणजे पुरावा म्हणून! त्यावर आकडे अजून पळत होते. रेकॉर्डिंग चालूच होतं.

बापूनं त्या मोबाईलकडं बघितलं. टोपीनं तोंड पुसलं. "म्हंजी म्या हितं जे बोल्लो, त्ये बी त्यात हाय?"

"हो, पण ते मी काढून टाकीन रे..."

"बरं," तो म्हणाला. मग ह्यांच्याकडं वळून, "दाजी, तुमी हाय, लई बरं झालं." आणि निघाला. हे मागं धावले, "अरे चहा तरी घे." भाभी पाणी घेऊन उभ्या. तो पाणीही न पिता जिना उतरला. खाली गुगळे काका खुर्च्या गोळा करत होते आणि लोक हसत होते. त्या हसणाऱ्या लोकांमधून माझा भाऊ खाली मान घालून टेम्पोपर्यंत गेला. मी गॅलरीतून पाहिलं. हाक मारावी वाटली. पण त्या दिवशी माझ्या हाकेला किंमत काय होती?

सकाळी सायलीचा मेसेज. "मॅम, नमुना?" मला ते रेकॉर्डिंग ऐकायची हिंमत होत नव्हती. सुरुवातीचा माझा भाग तेवढा ठेवायचा, तर बापूचा आवाज कुठं सुरू होतो ते ऐकायला हवं ना! तेच नको होतं मला. मनाला म्हटलं, लांबलचक आहे, सुरुवातच ऐकतील, पुढचं कोण ऐकतंय? डोळे मिटून होतं तसं पाठवून दिलं.

दुपारी उत्तर आलं. "मॅम, अप्रतिम! आमचे सर ऐकताना उठून बाहेर गेले. दोनच सूचना आहेत. एक, शेवटी ते जे दादा आले आहेत, त्यांचं काम केवळ लाजवाब. त्यांच्या प्रोफाइलची लिंक पाठवाल का? आम्हाला पूर्ण प्रसंग त्यांच्याकडूनच करून घ्यायचा आहे. आणि दोन, सुरुवातीला त्या बाई बराच वेळ रडतात, ते थोडं कृत्रिम वाटतं. ते काढून टाकता येईल का?"

मी ते परत परत वाचलं. मग सायलीला लिहिलं, "हे पाठवणं चूक झाली. कृपया पुसून टाका. ते दादा काम करत नाहीत." पोरगी समजूतदार, तिनं पुसलं. मग मी प्रोफाइल उघडलं आणि तेही पुसून टाकलं. सगळंच. भिंतीसमोरच्या फोटोसकट.

पण बापूला काय पुसून देणार?

मी फोन केले, तो उचलायचा. वहिनीशी बोल म्हणायचा. राग नाही, भांडण नाही, नुसतं "बरं हाय". शेवटी एका रविवारी आम्ही दोघं कर्जतला गेलो. बापू बागेत होता. ह्यांना बघून उठला, पाया पडला, खाटेवर बसवलं. ह्यांच्याशी पाण्याचं, बाजाराचं बोलला. माझ्याशी पाहुण्याशी बोलतात तसं. "आक्का, वाटंत काय तरास?"

मी ठरवून गेले होते, नीट, शांतपणे माफी मागायची. एवढं बोलणारी मी, शब्द तोंडपाठ करून आले होते. बापूनं एक लिंबू तोडून माझ्या हातात ठेवलं, लहानपणी ठेवायचा तसं. आणि पाठ केलेलं सगळं मी विसरले. डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेचना. आवाज नाही, शब्द नाही, नुसतं घळाघळा. त्या झाडांखाली मी उभी राहून रडत होते आणि मनात म्हणत होते, आता हा जवळ येईल, पाठीवर हात ठेवील.

बापू जवळ आला. खाली वाकून माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मग अगदी साधेपणानं, काळजीनं विचारलं,

"आक्का, ह्ये खरं हाय, का काम हाय?"

मी पर्स उघडली, मोबाईल बाहेर काढला आणि तो बंद आहे हे भावाला दाखवलं. त्यानं तो हातात घेऊन उलटापालटा करून बघितला. तेव्हा कुठं वळून वहिनीला हाक मारली, "पानी आन गं. आक्का रडतीया."